विदागार रचना

विदागार रचना म्हणजे एखाद्या संस्थेला किंवा व्यवसायाला लागणारी माहिती संगणकात कोणत्या घटकांत विभागावी, ती कोणत्या नियमांनी बांधावी आणि तिचे घटक एकमेकांशी कसे जोडावेत हे ठरवण्याची प्रक्रिया होय. विदागारास व्यवहारात 'डेटाबेस' असे म्हणतात. तयार झालेले विदागार सुरक्षित, अचूक आणि उपलब्ध ठेवण्याच्या कामास विदागार व्यवस्थापन म्हणतात. हे काम ज्या संगणकप्रणालीच्या साहाय्याने होते, ती विदागार व्यवस्थापन प्रणाली. ओरॅकल, डीबी२, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट ही अशा प्रणालींची प्रसिद्ध उदाहरणे आहेत.

दुकानाचे बिल, बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील नोंद किंवा शाळेतील गुणपत्रिका या सर्वांमागे विदागार असते. पडद्यावर दिसणारा प्रोग्रॅम काही वर्षांनी बदलला जातो. त्यामागील विदा मात्र बहुधा त्याच मांडणीत पुढच्या प्रोग्रॅमकडे सोपवली जाते. त्यामुळे मांडणीतील दोष प्रोग्रॅमच्या आयुष्यापेक्षा अधिक काळ टिकतात आणि विदा साठत जाते तसतसे ते दूर करणे खर्चिक होते. याच कारणामुळे व्यावसायिक उपयोजनांच्या अभ्यासात विदागार रचनेला मध्यवर्ती स्थान आहे.

## इतिहास

१९६०च्या दशकात व्यवसायांची माहिती मुख्यतः स्वतंत्र फाइलींमध्ये ठेवली जात असे. पगाराची फाइल वेगळी, मालसाठ्याची वेगळी, ग्राहकांची वेगळी. प्रत्येक फाइलीची मांडणी ती वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेली असल्यामुळे एक स्तंभ वाढवायचा तरी अनेक प्रोग्रॅम बदलावे लागत. यावर उपाय म्हणून चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत 'इंटिग्रेटेड डेटा स्टोअर' ही प्रणाली तयार केली. या कार्यासाठी त्यांना १९७३ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याच दशकात आयबीएमने अपोलो अंतराळ कार्यक्रमातील असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्याच्या गरजेतून 'आयएमएस' ही वृक्षरूप प्रणाली विकसित केली. या दोन्ही प्रकारच्या प्रणालींत एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीकडे जाण्याची वाट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असावी लागे.

आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे ब्रिटिश गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात संबंधनिष्ठ प्रतिमान मांडले. सर्व माहिती सारण्यांच्या रूपात ठेवावी, दोन सारण्यांमधील नाते त्यांतील समान मूल्यांवरून कळावे आणि वापरकर्त्याने काय हवे एवढेच सांगावे, ते कसे शोधायचे हे प्रणालीने ठरवावे, असा त्याचा गाभा होता. या प्रतिमानाला संचसिद्धान्त व तर्कशास्त्र यांचा पाया आहे. कॉड यांना १९८१ सालचा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

या कल्पनेवर आधारित दोन प्रायोगिक प्रणाली १९७०च्या दशकात उभ्या राहिल्या: आयबीएमची 'सिस्टम आर' आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील 'इंग्रेस'. सिस्टम आरसाठी डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली मांडलेली प्रश्नभाषा पुढे एसक्यूएल या नावाने ओळखली जाऊ लागली. पीटर चेन यांनी १९७६ साली 'घटक-संबंध प्रतिमान' मांडून रचनेसाठी आकृत्यांची भाषा दिली. ओरॅकलची व्यापारी आवृत्ती १९७९ साली आणि आयबीएमची डीबी२ ही प्रणाली १९८३ साली आली. एसक्यूएलला १९८६ साली अमेरिकी आणि १९८७ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. मायएसक्यूएल (१९९५), पोस्टग्रेएसक्यूएल (हे नाव १९९६ पासून) व एसक्यूलाइट (२०००) या प्रणालींचा मूळ आज्ञावलीसंच खुला असल्यामुळे लहान व्यवसाय आणि विद्यार्थी यांना हे तंत्र विनाशुल्क उपलब्ध झाले. भारतातील लहान कार्यालयांत त्यापूर्वी डीबेस व फॉक्सप्रो या प्रणालींचा मोठा वापर होता.

## रचनेचे टप्पे

विदागाराची रचना सामान्यतः चार टप्प्यांत केली जाते.

१. गरजांचे संकलन: व्यवसायात प्रत्यक्ष कोणती कागदपत्रे वापरली जातात, कोण कोणती नोंद करतो, कोणते अहवाल लागतात आणि कोणते नियम पाळावे लागतात हे समजून घेतले जाते. बिलबुक, रोजकीर्द, खतावणी आणि मालाची नोंदवही ही या टप्प्यातील महत्त्वाची साधने असतात.

२. संकल्पनात्मक रचना: ज्यांच्याविषयी माहिती ठेवायची ते घटक, त्यांचे गुणधर्म आणि त्यांच्यातील संबंध आकृतीत दाखवले जातात. एका ग्राहकाची अनेक बिले असू शकतात, पण एक बिल एकाच ग्राहकाचे असते. हा 'एकास अनेक' संबंध होय. एका बिलात अनेक वस्तू असतात आणि एक वस्तू अनेक बिलांत येते. हा 'अनेकास अनेक' संबंध होय.

३. तार्किक रचना: आकृतीचे रूपांतर सारण्या, स्तंभ आणि नियम यांत केले जाते. 'अनेकास अनेक' संबंध थेट दोन सारण्यांत मांडता येत नाही. त्यासाठी तिसरी जोडसारणी करावी लागते. बिल आणि वस्तू यांच्यामधील 'बिलातील ओळी' ही अशी सारणी आहे.

४. भौतिक रचना: निवडलेल्या प्रणालीत विदाप्रकार, इंडेक्स, साठवणुकीची जागा आणि वापराचे अधिकार ठरवले जातात.

पहिल्या टप्प्यातील प्रश्न तांत्रिक नसतात, परंतु पुढील सर्व रचना त्यांच्या उत्तरांवर उभी राहते. परत आलेला माल कसा नोंदवायचा, एका बिलाचे पैसे तीन हप्त्यांत आले तर ते कोठे लिहायचे, रद्द झालेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरायचा का, अशा प्रश्नांची उत्तरे व्यवसायातील जाणकाराकडूनच मिळतात.

## सामान्यीकरण

एकच तथ्य एकाच ठिकाणी लिहिले जावे, या हेतूने सारण्यांची पद्धतशीर विभागणी करण्यास सामान्यीकरण म्हणतात. ही कल्पना कॉड यांनीच मांडली.

शालेय साहित्याच्या एखाद्या घाऊक विक्रेत्याने आपली सर्व विक्री एकाच सारणीत ठेवली आहे असे मानू. प्रत्येक ओळीत बिल क्रमांक, दिनांक, ग्राहक क्रमांक, ग्राहकाचे नाव, पत्ता, वस्तू क्रमांक, वस्तूचे नाव, नग आणि दर आहेत. अशा मांडणीत तीन प्रकारच्या विसंगती उद्भवतात.

* बदलाची विसंगती: ग्राहकाने दुकान सांगलीहून मिरजेला हलवले, तर त्याच्या प्रत्येक ओळीतील पत्ता बदलावा लागतो. काही ओळी राहून गेल्या, तर एकाच ग्राहकाचे दोन पत्ते दिसतात आणि त्यांतील खरा कोणता हे विदागारावरून सांगता येत नाही.
* भर घालण्याची विसंगती: नवी वस्तू आली, पण तिची विक्री अजून झाली नाही, तर तिची नोंद करण्यास जागाच नसते.
* वगळण्याची विसंगती: एखाद्या ग्राहकाचे एकमेव बिल काढून टाकले, तर त्याच्यासोबत ग्राहकाचे नाव आणि पत्ताही नाहीसा होतो.

या विसंगती टाळण्यासाठी सारण्यांना क्रमाने पुढील रूपे दिली जातात.

पहिले सामान्य रूप: प्रत्येक चौकटीत एकच मूल्य असावे. 'वह्या, पेन, कंपासपेटी' असे एका चौकटीत लिहिल्यास कोणत्या वस्तूचे किती नग गेले हे मोजता येत नाही. त्यामुळे प्रत्येक वस्तूस स्वतंत्र ओळ दिली जाते.

दुसरे सामान्य रूप: ओळीची ओळख एकाहून अधिक स्तंभांनी मिळून होत असेल, तर इतर प्रत्येक स्तंभ त्या संपूर्ण ओळखीवर अवलंबून असावा. बिलातील ओळ ही बिल क्रमांक आणि वस्तू क्रमांक या जोडीने ओळखली जाते. नग त्या जोडीवर अवलंबून असतात. वस्तूचे नाव मात्र केवळ वस्तू क्रमांकावर अवलंबून असते. म्हणून ते 'वस्तू' या वेगळ्या सारणीत जाते.

तिसरे सामान्य रूप: ओळखीखेरीजचा एक स्तंभ तशाच दुसऱ्या स्तंभावर अवलंबून नसावा. बिलावरून ग्राहक कळतो आणि ग्राहकावरून पत्ता कळतो. म्हणून पत्ता 'बिल' सारणीत न ठेवता 'ग्राहक' सारणीत ठेवला जातो.

शेवटी 'ग्राहक', 'वस्तू', 'बिल' आणि 'बिलातील ओळी' अशा चार सारण्या तयार होतात. यापुढे १९७४ साली मांडले गेलेले बॉइस-कॉड सामान्य रूप आणि रोनाल्ड फेगिन यांनी १९७७ व १९७९ साली मांडलेली चौथे व पाचवे सामान्य रूप ही अधिक काटेकोर रूपे आहेत. व्यावसायिक विदागारांत तिसऱ्या किंवा बॉइस-कॉड रूपापर्यंतची विभागणी बहुधा पुरेशी ठरते.

### पुनरुक्ती आणि इतिहास यांतील फरक

सामान्यीकरणाचा नियम यांत्रिकपणे लावल्यास एक गंभीर चूक संभवते. दर आणि कराचा टक्का हे वस्तूचे गुणधर्म दिसतात. म्हणून ते केवळ 'वस्तू' सारणीत ठेवण्याचा मोह होतो. परंतु आजचा दर आणि विक्रीच्या दिवशीचा दर ही दोन वेगळी तथ्ये आहेत. भारतात वस्तू व सेवा कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले आणि वह्यांवरील कर १२ टक्क्यांवरून शून्यावर आला. कराचा टक्का केवळ 'वस्तू' सारणीत ठेवणाऱ्या विदागारात तो शून्य करताच त्यापूर्वीची सर्व बिलेही करमुक्त दिसू लागतात; ग्राहकाला दिलेले छापील बिल, भरलेले विवरणपत्र आणि विदागारातील आकडे यांचा मेळ बसत नाही.

यावर दोन उपाय आहेत. विक्रीच्या वेळचा दर आणि कर 'बिलातील ओळी' या सारणीत लिहून ठेवणे हा पहिला, तर प्रत्येक दरासोबत तो लागू असल्याचा कालावधी नोंदवणारी स्वतंत्र सारणी ठेवणे हा दुसरा. अनेक उपयोजनांत दोन्ही वापरले जातात.

## ओळखस्तंभांची निवड

सारणीतील प्रत्येक ओळ ज्या मूल्याने निःसंदिग्धपणे ओळखली जाते, त्यास 'प्रायमरी की' म्हणतात. दुसऱ्या सारणीतील ओळीकडे निर्देश करणारे मूल्य म्हणजे 'फॉरेन की'. फॉरेन कीचा नियम लावलेला असल्यास अस्तित्वात नसलेल्या ग्राहकाच्या नावे बिल करता येत नाही. तसेच ज्याची बिले आहेत असा ग्राहक चुकून वगळता येत नाही. अशा नियमांची तपासणी विदागार स्वतः करते, त्यामुळे एखाद्या प्रोग्रॅममध्ये चूक असली तरी चुकीची नोंद आत शिरत नाही.

प्रायमरी की म्हणून व्यवहारातील एखादा क्रमांक निवडावा की प्रणालीने दिलेला अर्थहीन अनुक्रमांक, हा रचनाकारांपुढील नेहमीचा प्रश्न आहे. ग्राहकांसाठी जीएसटी क्रमांक सोयीचा वाटतो. मात्र हा १५ अक्षरी क्रमांक राज्यागणिक वेगळा असतो. एकाच कंपनीची महाराष्ट्रातील नोंदणी २७ या अंकांनी आणि गोव्यातील नोंदणी ३० या अंकांनी सुरू होते. शिवाय नोंदणी नसलेल्या छोट्या ग्राहकाकडे असा क्रमांकच नसतो. मोबाइल क्रमांक बदलतो आणि एकाच घरातील दोघे एकच क्रमांक देतात. म्हणून ओळखीसाठी अंतर्गत अनुक्रमांक वापरून व्यवहारातील क्रमांकावर 'पुनरावृत्ती नको' असा वेगळा नियम लावणे ही रूढ पद्धत आहे.

## विदाप्रकार आणि मराठी मजकूर

प्रत्येक स्तंभात कोणत्या प्रकारचे मूल्य यावे हे रचनेतच ठरवले जाते. रकमेसाठी दशमान प्रकार वापरला जातो. द्विमान पद्धतीत साठवल्या जाणाऱ्या अपूर्णांकांत ०.१ ही संख्यादेखील तंतोतंत बसत नाही, त्यामुळे हजारो नोंदींच्या बेरजेत पैशांचा फरक पडू शकतो. पिनकोड व दूरध्वनी क्रमांक अंकांत लिहिले जात असले तरी त्यांची बेरीज-वजाबाकी होत नाही. ते मजकूर म्हणून ठेवल्यास सुरुवातीचा शून्य गळत नाही. रिकाम्या मूल्यास 'नल' म्हणतात. त्याचा अर्थ शून्य नसून 'माहीत नाही' किंवा 'लागू नाही' असा होतो. नलची कोणत्याही मूल्याशी केलेली तुलना होय किंवा नाही असे उत्तर देत नाही, हे नवशिक्यांच्या लक्षात येत नाही आणि अहवालातून काही नोंदी नकळत सुटतात.

देवनागरी मजकूर युनिकोड पद्धतीने साठवला जातो. त्यात दोन बाबींकडे लक्ष द्यावे लागते. पहिली बाब वर्णक्रमाची. युनिकोडच्या सारणीत 'ळ' हे अक्षर 'ल' नंतर लगेच येते. मराठी वर्णमालेत मात्र ते 'ह' नंतर आणि 'क्ष', 'ज्ञ' यांच्या आधी येते. मराठी वर्णक्रमाचा नियम निवडला नाही, तर ग्राहकांची किंवा विद्यार्थ्यांची यादी मराठी वाचकाला अपेक्षित क्रमाने लागत नाही. दुसरी बाब एकाच शब्दाच्या भिन्न संकेतक्रमांची. 'कऱ्हाड' या नावातील 'ऱ्ह' दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकित करता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न असतात, आणि एका रूपाने शोध घेतला तर दुसऱ्या रूपातील नोंद सापडत नाही. म्हणून नावे साठवण्यापूर्वी त्यांचे एकरूपीकरण करावे लागते.

## व्यवहार आणि समकालीन वापर

विदागाराच्या परिभाषेत 'ट्रान्झॅक्शन' म्हणजे व्यवहार हा एकत्रच पूर्ण होणाऱ्या किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या क्रियांचा गट असतो. एका खात्यातून ५,००० रुपये वजा करणे आणि दुसऱ्या खात्यात ते जमा करणे या दोन क्रिया आहेत. पहिलीनंतर वीज गेली तर पैसे कोणाच्याच खात्यात राहणार नाहीत. म्हणून दोन्ही मिळून एक व्यवहार मानला जातो. व्यवहाराच्या चार गुणधर्मांना त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'अ‍ॅसिड' असे नाव थिओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ साली दिले. ते गुणधर्म असे:

* अखंडता: सर्व क्रिया होतात किंवा एकही होत नाही.
* सुसंगती: व्यवहारानंतरही सर्व नियम पाळलेले असतात.
* विलगता: एकाच वेळी चालणारे व्यवहार एकमेकांच्या अर्धवट स्थितीत ढवळाढवळ करत नाहीत.
* टिकाऊपणा: पूर्ण झालेला व्यवहार यंत्र बंद पडले तरी नाहीसा होत नाही.

विलगतेचे महत्त्व पुढील उदाहरणावरून स्पष्ट होते. गोदामात १० खोकी आहेत. पहिल्या काउंटरने १० हा आकडा वाचला, ४ खोकी विकली आणि शिल्लक ६ लिहिली. त्याच क्षणी दुसऱ्या काउंटरनेही १० हाच आकडा वाचला होता. त्याने ३ खोकी विकून शिल्लक ७ लिहिली. विदागारात ७ खोकी दिसतात, गोदामात मात्र ३ उरलेली असतात. यास 'हरवलेला बदल' म्हणतात. नोंद वाचतानाच तिच्यावर कुलूप लावणे किंवा शिल्लक वाचून पुन्हा लिहिण्याऐवजी 'असलेल्या शिलकीतून ४ वजा कर' अशी एकच आज्ञा देणे, हे त्यावरील उपाय आहेत. एकट्या वापरकर्त्याने चाचणी घेतल्यास हा दोष दिसत नाही. तो गर्दीच्या दिवशी प्रकट होतो.

व्यवहार प्रक्रियेच्या संशोधनासाठी जिम ग्रे यांना १९९८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. यंत्र बंद पडल्यानंतर विदागार योग्य स्थितीत आणणारी 'एरीज' ही पद्धत भारतीय वंशाचे संगणकशास्त्रज्ञ सी. मोहन व त्यांच्या आयबीएममधील सहकाऱ्यांनी विकसित केली. प्रत्येक बदल प्रथम नोंदवहीत लिहायचा आणि मगच मूळ जागी करायचा, या तत्त्वावर ती आधारलेली आहे.

## इंडेक्स आणि वेग

पुस्तकाच्या शेवटी असलेल्या सूचीप्रमाणे विदागारातील इंडेक्स एखादे मूल्य कोणत्या ओळीत आहे हे चटकन सांगतो. बहुतेक प्रणालींत इंडेक्ससाठी 'बी-ट्री' ही वृक्षरचना किंवा तिचा एखादा प्रकार वापरला जातो. ती रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅकक्रेट यांनी बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधली. तिच्या साहाय्याने लाखो ओळींच्या सारणीतील एक नोंद साठवणुकीची मोजकीच पाने वाचून सापडते.

इंडेक्सची किंमतही असते. तो जागा व्यापतो आणि प्रत्येक नव्या नोंदीबरोबर त्यालाही अद्ययावत करावे लागते. सर्व स्तंभांवर इंडेक्स केल्यास शोध जलद होतात, पण बिल करणे मंदावते. म्हणून प्रत्यक्षात कोणते प्रश्न वारंवार विचारले जातात हे पाहून आणि प्रणालीने दाखवलेली अंमलबजावणीची योजना तपासून इंडेक्स ठरवले जातात.

## व्यवस्थापन

विदागाराची दैनंदिन जबाबदारी सांभाळणाऱ्या व्यक्तीस विदागार प्रशासक म्हणतात. लहान व्यवसायात हे काम स्वतंत्र व्यक्तीकडे नसते, परंतु कामे तीच राहतात.

### बॅकअप

विदेची प्रत काढून ती वेगळ्या ठिकाणी ठेवणे हा व्यवस्थापनाचा पाया आहे. मात्र प्रत काढली जाणे आणि तिच्यावरून विदागार पुन्हा उभे करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संकेतस्थळाच्या एका अभियंत्याकडून दुय्यम यंत्रावरील समजून मुख्य यंत्रावरील विदा पुसली गेली. त्यानंतर नेहमीच्या बॅकअपचा शोध घेतला असता तो निघतच नव्हता असे आढळले. बॅकअप काढणाऱ्या साधनाची आवृत्ती विदागाराच्या आवृत्तीशी जुळत नव्हती आणि अपयशाची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे ६ तासांपूर्वी योगायोगाने काढलेल्या एका प्रतीमुळे विदागार परत मिळाले. त्या ६ तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीने या घटनेचा सविस्तर अहवाल स्वतः प्रसिद्ध केला. बॅकअपवरून विदागार उभे करण्याचा सराव ठरावीक काळाने करावा, या शिफारशीचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

### अधिकार आणि सुरक्षा

प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, हे सर्वमान्य तत्त्व आहे. बिल करणाऱ्याला नवी नोंद करता यावी, पण जुनी बिले पुसता येऊ नयेत. वापरकर्त्याने भरलेला मजकूर थेट एसक्यूएल आज्ञेत जोडल्यास त्या मजकुरातूनच घातक आज्ञा घुसवता येते. यास 'एसक्यूएल इंजेक्शन' म्हणतात. आज्ञा आणि मूल्ये वेगवेगळी पाठवणे हा त्यावरील मुख्य उपाय आहे.

### कायदेशीर बंधने

भारतात वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जतन कराव्या लागतात. कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारी आणि बंद करता न येणारी सोय असावी, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यामुळे अशा विदागारात नोंद थेट पुसण्याऐवजी ती रद्द केल्याची खूण करणे आणि दुरुस्तीची उलट नोंद करणे आवश्यक ठरते. दुसरीकडे, २०२३ सालचा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा हेतू पूर्ण झाल्यावर वैयक्तिक माहिती काढून टाकण्याची अपेक्षा करतो. अन्य कायद्याने ती जपणे बंधनकारक असेल तेवढा अपवाद आहे. कोणता स्तंभ किती काळ ठेवायचा याचा विचार त्यामुळे रचनेच्या वेळीच करावा लागतो.

## मर्यादा आणि पर्याय

अतिशय मोठ्या प्रमाणावरील आणि अनेक यंत्रांवर विखुरलेल्या विदेसाठी संबंधनिष्ठ प्रणाली अपुऱ्या पडू लागल्याने गूगलचे 'बिगटेबल' (२००६) व अ‍ॅमेझॉनचे 'डायनॅमो' (२००७) यांविषयीचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यानंतर 'नोएसक्यूएल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणालींचा प्रसार झाला. त्यांपैकी काहींत सारण्यांऐवजी दस्तऐवज, काहींत की व मूल्य यांच्या जोड्या, तर काहींत आलेख साठवले जातात. मांडणीची लवचीकता हा त्यांचा गुण आहे. तथापि मांडणीचा नियम विदागारात नसला, तर तो प्रत्येक प्रोग्रॅमने पाळावा लागतो. हिशेब, मालसाठा आणि देणी-घेणी यांसाठी आजही प्रामुख्याने संबंधनिष्ठ प्रणालीच वापरल्या जातात. विक्रीच्या विश्लेषणासाठी मात्र विदेची वेगळी प्रत काढून ती मुद्दाम कमी विभागलेल्या सारण्यांत ठेवली जाते. अशा साठ्यास 'डेटा वेअरहाउस' म्हणतात.

## अध्ययन

विदागार व्यवस्थापन हा विषय भारतातील संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान आणि संगणक उपयोजन यांच्या पदवी अभ्यासक्रमांत समाविष्ट आहे. या विषयाच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकांपैकी 'डेटाबेस सिस्टम कन्सेप्ट्स' या ग्रंथाचे एक सहलेखक एस. सुदर्शन हे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक आहेत. 'फंडामेंटल्स ऑफ डेटाबेस सिस्टम्स' हा ग्रंथ रमेझ एल्मास्री आणि शामकांत नवाथे यांनी लिहिला आहे.

विषयाचा अभ्यास साधारणपणे पुढील क्रमाने केला जातो: सारणी व ओळखस्तंभ यांच्या संकल्पना, एसक्यूएलमधील साधे शोध, दोन सारण्यांची जोडणी, घटक-संबंध आकृती, सामान्यीकरण, व्यवहार, इंडेक्स आणि शेवटी प्रशासन. सरावासाठी एसक्यूलाइट सोयीचे असते, कारण त्यात संपूर्ण विदागार एकाच फाइलीत राहते आणि वेगळा सर्व्हर चालवावा लागत नाही. एकाच वेळी अनेक वापरकर्ते, अधिकार आणि कुलपे यांचा अभ्यास करण्यासाठी पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल अधिक उपयुक्त ठरतात.

पाठ्यपुस्तकातील सारण्या आधीच व्यवस्थित विभागलेल्या असतात. त्यामुळे रचनेचे कौशल्य केवळ त्यांवर सराव करून येत नाही. परिचयातील एखाद्या दुकानाची बिले, ग्रंथालयाची देवघेव नोंदवही, दूधसंकलन केंद्राची पत्रके किंवा भिशीचा हिशेब यांवरून सारण्या बनवणे हा उपयुक्त सराव मानला जातो. अशा कागदपत्रांत खाडाखोड, अर्धवट नोंदी, उधारी, परतीचा माल आणि समासात लिहिलेल्या सूचना असतात. त्यांतील प्रत्येक अपवादासाठी सारणीत जागा शोधताना विद्यार्थ्याला रचनेतील निवडींची कारणे समजतात. तयार रचनेची परीक्षा घेण्यासाठी तिला तीन प्रश्न विचारता येतात: एखादे तथ्य बदलल्यास ते किती ठिकाणी बदलावे लागेल, चुकीची नोंद करू पाहिल्यास विदागार ती अडवेल का, आणि मागील वर्षीचा अहवाल आज काढल्यास तो तेव्हासारखाच येईल का.

## हेही पाहा

* एसक्यूएल
* एडगर कॉड
* घटक-संबंध प्रतिमान
* संचसिद्धान्त
* युनिकोड
* वस्तू व सेवा कर